सव्वाचारचा रिले

३ मार्च १९९७, पलूस

लोणंदहून सकाळच्या पॅसेंजरने निघालो आणि जेवणवेळेला इथे मेकॅनिक म्हणून हजर झालो. द्राक्षांचा हंगाम ऐन भरात आहे. कोल्ड स्टोरेजच्या शेडमध्ये पन्नासेक बायका खोकी भरताना इतक्या मोठ्याने हसत होत्या, की पुण्यात चार वर्षं बँकांचे एसी दुरुस्त करताना ऐकलेली सगळी कुजबुज विसरलो. मालक धैर्यशीलदादांनी स्वतःच्या हाताने चहा दिला. सगळ्यांच्या कपांतलाच एक कप. माझ्या वडिलांना, आबांना, असा चहा कधी मिळाला नाही, म्हणून लिहून ठेवतो.

रखवालदार तात्याबा फौजेतून निवृत्त झालेले. बायकांची मुकादम चंद्राबाई. तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "आवं भाऊ, आत शून्य डिग्री असतीया. ह्या शर्टावर ऱ्हाताय व्हय? लगीन व्हायचं असंल की अजून!" सगळी शेड हसली. मीही.

१४ एप्रिलच्या जयंतीला इथल्या वस्तीत मी बोलावं, असं आजच ठरलं. विषय: भीती कुणाच्या फायद्याची?

५ मार्च

विजेचं पॅनेल उघडून बघितलं. रचना साधी आहे. खोली तापली की थर्मोस्टॅट काँटॅक्टरच्या कॉइलला थोडासा प्रवाह देतो. कॉइल चुंबक होते, लोखंडी पट्टी ओढून घेते, जाड काँटॅक्ट एकमेकांना भिडतात आणि कॉम्प्रेसर धडधडू लागतो. रिले हा त्याचाच धाकटा भाऊ. काम तेच, ताकद कमी. थोडक्या प्रवाहाने बलाढ्य प्रवाहाला हुकूम द्यायचा! भाषणात मी हा दाखला नेहमी देतो.

कोपऱ्यात एक रिले वेगळा आहे. दोन नंबरच्या खोलीत दाराशी लाल बटण आहे. कुणी आत अडकलं तर ते दाबायचं, की हा रिले ओढला जातो आणि बाहेर घंटा वाजते. तात्याबांना आत पाठवून दाबायला लावलं. रिले टक् करून ओढला गेला. घंटा वाजली नाही. घंटा जागेवरच नव्हती.

७ मार्च

घंटा सापडली. शेडमध्ये लावली आहे. बायकांची जेवणाची सुट्टी संपली की तीच वाजते.

गेल्या हंगामात माझ्याआधीचा मेकॅनिक नानासो दोन नंबरमध्ये अडकला. सकाळी अकराला आत गेला, संध्याकाळी मेलेला सापडला. आतली कडी तेव्हाही वाकडी होती, आजही आहे. दुपारपर्यंत पॅनेलमध्ये टकटक चालू होती, चंद्राबाई सांगत होती. "आमाला वाटलं, मशीनच हाय."

माणूस वाचवणारी घंटा उतरवायची आणि माणसं कामाला हाकायला टांगायची! तडक धैर्यशीलदादांकडे गेलो आणि आवाज चढवून बोललो. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. म्हणाले, शेवटचा माल एप्रिलच्या मध्याला जाईल, मग नवी घंटा, नवी कडी, सगळं करू.

मी होकार दिला. नको होता द्यायला.

तोवर माझा नियम: दाराबाहेर माणूस उभा केल्याशिवाय कुणी आत जायचं नाही. दाराशी माणूस नाही आणि दार उघडं दिसलं, तर ते चुकून राहिलंय असं समजून तात्याबांनी लावून घ्यायचं.

१२ मार्च

दुपारी सव्वाचारला रिले वाजला. तीनदा टकटक, थोडं थांबून पुन्हा तीनदा. दोन नंबरचं दार बंद होतं. उघडून बघितलं, आत फक्त खोकी. आठवडाभर रोज हेच चाललंय, असं बायका सांगतात. "नानासो हाय त्यो," म्हणून दोन नंबरला कुणी जाईना.

१३ मार्च

आज सगळ्यांना पॅनेलपुढे बसवलं आणि बोललो. चारनंतर शेतावरच्या मोटारी सुरू होतात, विजेचा दाब खाली जातो, रिले धड ओढला जात नाही, धड सुटत नाही, म्हणून वाजतो. मीटरचा काटा उतरताना दाखवला. मेलेला माणूस बटण दाबत नाही, हे लोखंड आहे निव्वळ लोखंड, असं ठणकावून सांगितलं. तात्याबांनी टाळ्या वाजवल्या. चंद्राबाई म्हणाली, "मग त्या लोखंडाला म्हणावं, जरा दमानं वाज. पोरी खोकी पाडत्यात." खूप हसलो. संध्याकाळी बायका दोन नंबरमध्ये गेल्या.

माझ्या शब्दावर गेल्या.

२८ मार्च

आज चारला सगळ्या पलूसची लाईट गेली. जनरेटर सुरू व्हायचा होता. पॅनेल मेलेलं, मीटरचा काटा शून्यावर.

सव्वाचारला टकटकटक. थांबून, टकटकटक.

पॅनेलपाशी मी एकटा होतो. चंद्राबाईने शेडमधून विचारलं, भाऊ, वाजलं का? मी नाही म्हणालो.

आयुष्यात पहिल्यांदा अशा जागी खोटं बोललो.

२ एप्रिल

त्या रिलेच्या कॉइलची तार सोडवून ठेवली आणि समोर बसलो. प्रवाहाशिवाय चुंबक नाही, चुंबकाशिवाय ओढ नाही. हे मी शंभर जणांना शिकवलं आहे.

सव्वाचारला पट्टी ओढली गेली. तीनदा, मग तीनदा. बोट लावलं तर पट्टी बर्फासारखी गार.

तार परत जोडली. कुणाला सांगू? आणि नानासो तर सकाळी अकराला अडकला. मग सव्वाचार कुणाचे?

९ एप्रिल

चंद्राबाईची नात पिंकी आता दोन नंबरमध्ये खोकी लावते. आधी घाबरत होती. आजीने तिला सांगितलं, भाऊ म्हणत्यात ना, मग झालं.

थांबवावं म्हणून उठलो. थांबवायचं तर कारण सांगावं लागलं असतं. खाली बसलो. भाषण पुरं होत नाही. पहिल्याच वाक्याशी—

११ एप्रिल

झोप नाही. सव्वाचारला टकटक आज जोरात. घाईत असल्यासारखी—

१३ एप्रिल, दुपारी ३.५०

रविवार. उद्या जयंतीची सुट्टी. परवापर्यंत कुणी कुठलं दार उघडणार नाही. आईला आणायला चारच्या गाडीने लोणंदला निघालो, असं सगळ्यांना सांगितलंय. जाणार नाही. सव्वाचारला आत उभं राहून बटण बघणार. ते हललं, तर उद्या भाषणात सगळं कबूल करीन आणि पिंकीला, सगळ्यांना तिथून काढीन. दाराशी माणूस ठेवला नाही. ठेवला असता तर काय सांगितलं असतं? दार लागू नये म्हणून खोकं लावलंय.

४.०५

मी मागच्या खोक्यांआड असताना दार लागलं. बाहेरून खोकं सरकवल्याचा आवाज आला. तात्याबा. माझाच नियम.

४.०९

कडी फिरत नाही. ओरडलो. माझ्या अंगाच्या उबेने थर्मोस्टॅट जागा झाला असणार, बाहेर काँटॅक्टर ओढला गेला, पंखे सुरू झाले. माझा आवाज मलाच—

४.१५

बटण दाबलं. तीनदा. दम घेतला. तीनदा.

तीच चाल.

महिनाभर जे ऐकत होतो— नानासो नव्हता तो—

४.३०

पंखे थांबले. पाइपच्या भोकातून बोलणं येतंय. चंद्राबाई शेड झाडायला आली असावी. म्हणाली, तात्या, आज लय वाजतंय बगा. तात्याबा हसले. म्हणाले, वाजू दे की. भाऊंनी सांगितलंय न्हवं, निस्तं लोखंड हाय त्ये.

ओरडलो तोच पंखे पुन्हा—

बोटं वळत नाहीत. कोपराने दाबतो. तीनदा. तीनदा. चंद्राबाई, लोखंड नाही, मी आहे, मी