पुढच्या खोलीचं दार

२ एप्रिल, बुधवार

आज पुन्हा भांडण. खरं तर भांडण नाहीच. मी बोलतो, द्वारका ऐकत नाही, एवढंच. सोमवारी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, महिनाभर खाली बसायचं नाही, खाली झोपायचं नाही, कमोड लागेल. आता दिवाण, कमोडवालं बाथरूम आणि कूलर या तिन्ही गोष्टी आमच्या घरात एकाच जागी आहेत — पुढच्या खोलीत! म्हटलं, तिथंच झोप.

"त्या खोलीत? ती पाव्हण्यांची हाय!"

जसं काही मी तिला कलेक्टरच्या बंगल्यात घुसायला सांगितलं. नऊ वर्षं झाली मुकुंदवाडीतलं हे घर बांधून. आम्ही दोघं मधल्या खोलीत, सुदर्शन आणि सूनबाई वर पत्र्याखाली उकडतायत, आणि कूलर पुढच्या खोलीत चादर पांघरून बसलाय. तिथली चावी ज्वारीच्या डब्यात. ती खोली रोज पुसायची, पण तिथं बसायचं नाही. शेंद्र्याच्या कंपनीत अठ्ठावीस वर्षं मी स्टोअर सांभाळलं, पण एवढा कडक स्टोअरकीपर नाही पाहिला!

३ एप्रिल

मी चिडवतो, पण मला ठाऊक आहे ही खोली कोणासाठी आहे. आप्पारावसाठी. तिचा धाकटा भाऊ, वेरूळच्या पलीकडे शेती करतो. आईवडील गेले, आता तिचं माहेर म्हणजे हा एवढा एक माणूस. वर्षातून दोनदा येतो आणि एकच रात्र राहतो. सकाळी चहा झाला की पिशवी खांद्याला. "जनावरं हायेत, आक्का." ही गच्चीवर जाऊन रिक्षा वळेपर्यंत बघत बसते. मग दोन दिवस तेच — "माझ्या भावाला माझं घर गोड लागत नाय."

आणि प्रत्येक वेळी खोलीत काहीतरी वाढतं. पडदे झाले. सोनेरी काठाचे कप झाले. सोफ्यावर हिमरूची शाल आली. गेल्या उन्हाळ्यात कूलर. तरी एकच रात्र!

मीही काही कमी करत नाही. तो जेवला की मी स्वतः उठून मधलं दार लोटून घेतो, सगळ्यांना दटावतो — मामाला पडू द्या निवांत! आणखी काय करायचं माणसानं?

४ एप्रिल

नळ आला. सगळी भांडी भरून घेतली. द्वारका लंगडत पुढची खोली पुसून आली.

७ एप्रिल, सोमवार

ऑपरेशन नीट झालं. देवा!

आप्पाराव आला होता. तासभर बाकावर बसला, हातात टोपी. तिला बाहेर आणल्यावर लांबून बघितलं, डोळे पुसले आणि चारच्या गाडीनं गेला. संध्याकाळी ही नीट शुद्धीवर आली, तर पहिला प्रश्न — "आप्पा हाय का गेला?"

चहाला गेलाय म्हणालो. तिला कळलं. तोंड भिंतीकडं केलं. लई वाईट वाटलं मला. गुडघ्याचं दुखणं डॉक्टरनं बरं केलं, याला काय करायचं?

११ एप्रिल, शुक्रवार

आज घरी आणली. दारात पुन्हा तेच, मधल्या खोलीतच झोपते म्हणे. मग मीही हट्टाला पेटलो. "त्या खोलीत फक्त पाहुणे ना? मग तू आज पाहुणी! या बाई, या. कुठल्या गावच्या आपण?"

सूनबाई सुलेखाही पक्की. तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं आणि डोक्यावर पदर घेऊन म्हणाली, "प्रवास बरा झाला ना?" द्वारका वॉकर धरून इतकी हसली की टाके तुटतील अशी भीती वाटली. हसत हसतच आत गेली.

दिवाणाच्या अगदी काठावर टेकली. "चादर चुरगळंल," म्हणाली.

१२ एप्रिल

सकाळी चहा घेऊन गेलो तर ही घामानं ओलीचिंब. "अवो, ह्या गादीवर माणूस झोपंल का? कूस बदलली की कचर-कचर वाजतंय."

मी चादर उचलली. खाली दुकानातलं प्लास्टिक, जसंच्या तसं! नऊ वर्षं! गादी नवी राहावी म्हणून बाईसाहेबांनी काढलंच नव्हतं. आमच्यापैकी कोणी त्यावर कधी झोपलंच नाही, मग कळणार कसं?

मी हसायला लागलो. ती मात्र प्लास्टिकवरून हात फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "आप्पा नऊ वर्षं ह्याच्यावर झोपला. आन् एका शब्दानं बोलला नाय." आणि रडायलाच लागली. पण तोंडावर हसूही होतं, कारण सापडल्याचं! म्हणजे घर गोड लागत नाही असं नव्हतं, गादी टोचत होती!

सुलेखानं कात्रीनं प्लास्टिक फाडलं. त्या आवाजानं शेजारीण डोकावली. लगेच आप्पारावला फोन — "मला भेटाया ये. चार दिस ऱ्हायचं. जनावरं कोणाच्या तरी गळ्यात घाल." प्लास्टिकचं सांगितलं नाही. समोरासमोर माफी मागणार म्हणे.

१६ एप्रिल

गंमत बघा. ही हलू शकत नाही आणि हिला माणसांशिवाय करमत नाही. म्हणून सगळं घरच तिकडं सरकलंय! टीव्ही तिकडं. सुलेखा मेथी तिथंच निवडते. सुदर्शन ड्युटीवरून आला की ताट घेऊन थेट कूलरसमोर. सोनेरी काठाच्या कपात चहा. काल एक फुटला. मी द्वारकाकडं बघितलं. "फुटू द्या," म्हणाली!! तारीख लिहून ठेवतो आहे.

१९ एप्रिल, शनिवार

आप्पाराव आला. गव्हाची गोणी घेऊन. खोलीत पाय ठेवला आणि थबकलाच. सोफ्यावर सुदर्शनचे कपडे, शोकेसवर औषधं, खाली लसणाची टरफलं. बसायचं कुठं त्याला कळेना. मग खालीच बसला आणि लसूण सोलायला घेतला.

दिवाणावर बहीण, त्यामुळे झोपायलाही खालीच, माझ्या शेजारी वाकळेवर. प्लास्टिक काढलं ते याच्यासाठी, आणि मिळाली जमीन! द्वारका हळहळली.

२० एप्रिल

चहा झाला. पिशवी खुंटीलाच. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

२२ एप्रिल

अजून आहे! लई घोरतो. घोरू दे.

२३ एप्रिल, बुधवार

आज द्वारकानं शेवटी विचारलं. "प्लास्टिक टोचत होतं तर बोलायचं ना रे. मी किती कष्टी व्हायचे."

"कसलं प्लास्टिक? मला नाय टोचलं कायबी."

"मग एका रातीत का पळायचास?"

तो लसूण सोलत राहिला. मग खाली बघूनच बोलला, "जेवलो की तुमी दार लोटून घ्यायचे, आक्का. आत टीव्ही, तुमचं हसणं. मी हितं एकलाच. वाटायचं, ह्यांना आपली अडचण हुतीया. सकाळी गेलेलं बरं."

द्वारकानं माझ्याकडं बघितलं. नऊ वर्षं तिला हसलो मी. पण दार लोटायचो तो मीच.

संध्याकाळी अंगणातून एक वीट आणली आणि मधलं दार सताड उघडून त्याला लावली. आप्पाराव म्हणाला, "दाजी, आसू द्या की." पण मी लावली.