पाच हातांवरचं मडकं

मलकापूर,
माघ शुद्ध पंचमी, शके १८४०

प्रिय शालू,

मायना कसा घालावा ते मी इथल्या दोघा शहाण्यांना विचारलं. ते म्हणाले, बायकोला ‘सौभाग्यवती अमुक यांस अनेक आशीर्वाद’ असं लिहावं. पण तेवढ्या जोडाक्षरांचं ओझं पहिल्याच ओळीत तुझ्या डोक्यावर देणं मला पटलं नाही. ‘प्रिय’मध्ये एकच आहे, ते तुला निभेल. अक्षरं मोठी आणि सुटी काढली आहेत. हे पत्र शेजारच्या केरबाकडे नेऊ नकोस, आपल्या लेकीला, चिमणालाही दाखवू नकोस. पोर आहे, शाळेत बोलून जाईल. दार लोटून घे, चुलीपुढे बस आणि सावकाश वाच. घरच्या पैशाची जागा यात लिहिली आहे.

तुझं कार्ड मंगळवारी मिळालं. तीन ओळी. पहिलीत ‘आमी बरी हाय’, दुसरीत ‘म्हस व्याली रेडी झाली’. वजनाच्या काट्याजवळ उभा होतो, तो तिथंच पोत्यावर बसलो. ‘म्हैस’वर दोन मात्रा असतात एवढं सांगून ठेवतो, बाकी अक्षर माझ्या पहिल्या अक्षरापेक्षा बरं आहे. तिसऱ्या ओळीचं उत्तर शेवटी देतो. ते देणं मला जड आहे.

कार्तिकात निघताना तू गाडीपाशी येऊन विचारलंस, ‘पैसं कुठं हायती ते सांगून जावा की!’ गाडीत चार माणसं बसलेली. मी म्हणालो, लिहून कळवीन. तू म्हणालीस, ‘व्हय, म्हंजे केरबा वाचून दाखवंल आन् समदी आळी उकरायला येईल.’ मला राग आला आणि मी बोलून गेलो, मग तूच शीक वाचायला. सगळे हसले. तू हसली नाहीस. तीन महिने चिमणा शाळेतून आली की तिचीच पाटी घेऊन बसलीस, हे मला कार्ड येईपर्यंत कुणी सांगितलं नाही.

केरबाचं तू बोललीस ते खरंच होतं. तो वाचतो चांगलं, पण कट्ट्यावर उभा राहून, दवंडी दिल्यासारखं. मागे शिरोळहून मी लिहिलं होतं की मालकांनी खूश होऊन पाच रुपये जास्त दिले. मी घरी पोचायच्या आत तीन जण उसने मागायला येऊन गेले होते, आणि त्यातला एक केरबाच! तेव्हापासून पैशाचं मी कागदावर एवढंच लिहीत आलो की सर्व ठीक आहे. या खेपेला पाकीट घेतलं. कार्डाला एक पैसा पडतो, पाकिटाला दोन. जास्तीचा पैसा गेल्याचं वाईट वाटलं नाही, हे मुद्दाम लिहितो.

इथं माझं छान चाललं आहे. डोंगरातून हिरड्याची पोती येतात, रोज सत्तर-ऐंशी. वजनांवरचा सरकारी शिक्का मी आधी गाडीवानाला दाखवतो, मग पारडं लावतो. परवा एक म्हातारा म्हणाला, ‘पावणं, तुमचा काटा देवळात ठेवायच्या लायकीचा हाय.’ मी वर बघितलं नाही, पण ऐकलं. शाळेची पायरी न चढलेला माणूस मी. गुळाच्या ढेपांवर अडते शाईनं नावं घालायचे, ती बघून बघून अक्षरं उचलली. हिशेब तर कुणीच शिकवला नाही. महिन्याच्या चौदा रुपयांतले दोन आधी जमिनीत आणि उरलेल्या बारात घर, हा कायदा माझा. पण बारात घर बसवलंस तू. सुगीला ज्वारी वर्षाची भरून घेतलीस, दूध विकून चिमणाच्या परकर-पोलक्याचं भागवलंस. या वर्षी एवढी महागाई असूनही दोनाचे दीड करायची पाळी आली नाही. हे मी तुला तोंडावर कधी म्हणालो नव्हतो.

आता मुद्द्याचं. दसऱ्याच्या सुमाराला तापाची साथ आली तेव्हा आपल्या आळीतल्या झुंबरबाईचा नवरा तीन दिवसांत गेला. त्यानं पैसे कुठं पुरले ते तिला ठाऊक नव्हतं. बिचारीनं घरामागचं सगळं परडं उकरलं, गोठ्याची फरशी काढली. दोन पोरं घेऊन ती आता दुसऱ्याच्या मळ्यात राबते, आणि पैसे अजून त्याच परड्यात कुठंतरी असतील. ते बघितल्यापासून जागा तुला ठाऊक असावी असं मला वाटत होतं. कारण आपल्या घरात हे एकदा होता होता राहिलं आहे.

प्लेगचं साल आठवतं ना? गाव मोकळं करून आपण गडमुडशिंगीच्या बाजूला झोपडीत राहिलो होतो. निघताना मी मडकं पुरलं आणि तुला सांगितलं नाही. बायकांच्या पोटात गोष्ट राहत नाही असं तेव्हा मला वाटायचं. मग मलाच ताप भरला. वाचत नाही असं वाटल्यावर तुझ्या कानात बोललो, मधल्या खांबापासून चुलीकडे पाच हात. तू पहाऱ्यावरच्या शिपायाच्या विनवण्या करून घरात गेलीस. प्लेगापायी कौलं उतरवलेली, वरून ऊन पडलेलं. पाच हात मोजून उकरलंस. काही नव्हतं. परत आलीस ती माझ्या कपाळावर ओली पट्टी बदलत बसलीस. मी काय बरळलो, की चोरी झाली, तुला काय वाटलं असेल कुणास ठाऊक. पंधरा दिवस मला दूध आणि पेज मिळत राहिली. उठून बसलो तेव्हा तुझे कान बुगड्यांवाचून मोकळे दिसले.

घरी आल्यावर मी तुझ्यासमोर पाच हात मोजले आणि मडकं काढून दाखवलं. तू खणलेला खड्डा त्याच्या अलीकडे हातभर तसाच होता. आणि मी तुला काय म्हणालो? ‘पाचपर्यंत मोजता येत नाही व्हय गं तुला?’ पुढे बुगड्या करून देतो म्हणालो तर तू म्हणालीस, ‘नगं, म्हस घ्या.’ आजची म्हैस तिचीच नात.

आठ वर्षांपूर्वी आपण दोघांनी मिळून नव्या बाजेची सुतळी मोजली. माझे पाच भरले तिथं तुझे सहा व्हायला एक बोट कमी पडलं. सुतळी हातात धरून मी तसाच उभा राहिलो. गावभराची वजनं शिक्क्याशिवाय न मानणारा मी तोलार, आणि घरच्या पैशाची जागा स्वतःच्या हातानं मोजून तुला सांगितली होती. तुझ्या मोजण्यात चूक नव्हतीच. त्या दिवशी मी हे बोलायला हवं होतं. बोललो नाही. वाटलं, तुझ्या लक्षात आलं नाही.

मग तुझ्या कार्डाची तिसरी ओळ वाचली. ‘ह्या खेपेला कुनाच्या हातानं मोजू’. म्हणजे तुला माहीत होतं. बाजेच्या दिवसापासून की प्लेगच्या सालापासून, ते आल्यावर सांग. मी ऐकून घेईन. या ओळीसाठी हे पत्र लिहिलं. आता उत्तर. कार्तिकात निघण्याआधी मी सुतळीनं तुझं कोपर ते बोट मोजलं होतं. तू विचारलंस, ‘हातातलं गोठ करताय का काय?’ मी हसण्यावारी नेलं. त्याच सुतळीनं जागा मोजली आहे. मधल्या खांबापासून, या वेळी चुलीकडे नाही तर जात्याकडे, तुझे सात हात आणि तुझीच चार बोटं. खाली तुझी दीड वीत. दर आठवड्याला तू त्याच्यावरूनच सारवतेस. आत दोनशे बारा रुपये, सगळे चांदीचे. नोटा घातल्या नाहीत, वाळवी खाते. एका चिंधीत बुगड्या आहेत. जुन्या मिळाल्या नाहीत, नव्या आहेत, वजन मी स्वतः केलं आहे. उकरून बघ, मोज, आणि बरोबर भरलं की कार्डावर फक्त ‘भरलं’ एवढंच लिही. त्यात जोडाक्षर नाही. जागेचं वाचून झालं की पत्र जाळायला हवं, म्हणून चुलीपुढे बसायला सांगितलं. पण तुला आलेलं हे पहिलंच पत्र, तुझ्याच्यानं ते जाळवणार नाही हे मी जाणून आहे. म्हणून जागेचं सगळं या एका शेवटच्या पानावर आणलं आहे. एवढंच पान चुलीत घाल. वरची ठेव.

तुझाच, हातानं तेवढा तुझ्यापेक्षा लांब,
जोतीराम