ताज्या गुठळ्या

प्रिय दादा,

प्रिय लिहायची सवय आहे, मनावर घेऊ नकोस.

रक्ताची गुठळी ओढून काढणारी तुझ्या कारखान्यातली नळी मी काचेच्या रक्तवाहिनीत तपासायचे. ताजी, लिबलिबीत गुठळी ती सहज काढायची. जुनी, चिवट असली की नळीचं टोक तुटून आत राहायचं. तू म्हणालास, "मग ताज्यांवरच तपास की. उगाच खोडा कशाला घालतेस?" नळी पास झाली.

परवा तुझ्याच पायात गुठळी झाली. तू स्ट्रेचरवरून डॉक्टरांना काय बजावलंस ते वहिनीने कौतुकाने सांगितलं: "आमची सोडून कुठलीही नळी घाला." एवढी प्रामाणिक चाचणी आपल्याकडे आजवर झाली नव्हती.

तुला ताण नको, म्हणून हे पत्र पाठवत नाही. तुटलेली टोकं मात्र सरकारी तपासनिसांकडे पोचवली. लवकर बरा हो. ते भेटायला येणार आहेत.

तुझी,
धाकटी बहीण