बिनशिकाऱ्याची बरणी

३ जून
आज रुजू झाले. दिंडोरी रोडवरची ही प्रयोगशाळा म्हणजे जेमतेम दोन खोल्या, पण खिडकीत ओळीनं काचेच्या बरण्या आणि प्रत्येकीत डॅफ्निया: मोहरीहून बारीक, आरपार दिसणारे, सतत उड्या मारणारे पाण्यातले जीव. त्यांचं काळीजसुद्धा धडधडताना दिसतं. काही बरण्यांत त्यांना खाणाऱ्या अळ्या आहेत. शुभांगी मॅडमनी समजावलं, शिकाऱ्याचा नुसता वास पाण्यात उतरला तरी डॅफ्नियाच्या पिल्लांना मानेवर काटे फुटतात, सहज गिळता येऊ नये म्हणून. टोकाची बरणी मात्र बिनशिकाऱ्याची. तिच्यात काटे येता कामा नयेत.

साबणाचा अंश राहिला तरी हे जीव मरतात. म्हणून काचा आईच्या पद्धतीनं धुतल्या: नुसत्या पाण्यानं, उघड्या हातानं, करकर वाजेपर्यंत. चौथीपर्यंत मी घरी तिच्याजवळच शिकले. तिचा पहिला धडा हाच, की स्वच्छता डोळ्याला नाही, हाताला कळते. मॅडमनी हातमोजे पुढे केले, मी नको म्हटलं. त्या हसून म्हणाल्या, आमच्या सासूबाई तुला दत्तक घेतील.

९ जून
वेदिका अकरावीसाठी माझ्याकडे राहायला आली. द्वारका चौकाजवळची ही माझी खोली एकदम घर वाटायला लागली. आईनं धाकटीला माझ्या भरवशावर पाठवलंय. रोज सकाळी माठ आतून हातानं घासते, मगच भरते. ती चिडवते, ताई, माठाचं कातडं निघेल.

१७ जून
बिनशिकाऱ्याच्या बरणीत काटे आले. मॅडम म्हणाल्या, अळ्यांचं पाणी मिसळलं असेल, होते चूक. माझ्याकडून होत नाही. बरणी पुन्हा धुतली. नवं पाणी, नवे जीव.

२४ जून
पुन्हा काटे, अळ्यांच्या बरण्यांतल्यापेक्षा लांब. या बरणीत माझ्या हाताशिवाय काहीही गेलेलं नाही. न राहवून बोट बुडवलं. सगळे जीव पलीकडच्या काचेला जाऊन चिकटले. मॅडमनी बुडवलं तेव्हा एकही हलला नाही. त्यांनी बोट पुसलं, बरणीवर झाकण ठेवलं. मग म्हणाल्या, घरी जा, नीट जेव, डबा रोज तसाच परत नेतेस.

भूक लागते. जेवणाची नाही.

२५ जून
वेदिकाची वेणी घालताना मानेवर बोटाला टोचलं. बारीक, ओळीनं. ती म्हणाली, घामोळं असेल गं.
हाताला कळतं.
माठ मीच धुते, रोज, उघड्या हातानं. तेच पाणी ती पिते.
माठ फोडला.

२६ जून
ती माझ्यापासून सरकून बसते. का, ते तिलाही सांगता येत नाही. आणि मला तिचं काळीज दिसतं, कुडत्याच्या आत, धडधडताना —
आईला फोन केला, हिला घेऊन जा. म्हणाली, उद्या संध्याकाळी नाना तिला न्यायला येतील, तोवर सांभाळ.

२७ जून
ती उठायच्या आत इथे प्रयोगशाळेत आले. सुट्टी आहे, कुणी नाही. दारात बसवलेलं कुलूप आतून लावलं, किल्ली खिडकीच्या गजांतून खाली टाकली. आता मलाही उघडता येणार नाही. संध्याकाळपर्यंत फक्त —

सगळ्या बरण्यांतले जीव माझ्यापासून लांबच्या काचेला. अळ्यासुद्धा.

जिन्यात पावलं. वेदू. डबा विसरलीस म्हणतेय. म्हणतेय, ताई, तुझी किल्ली खाली पडली होती, बरं झालं मला सापडली —

नको म्हणायला तोंड उघडलं तर नुसती लाळ —

वेदू, उघडू न