नाही न म्हणणाऱ्या बायका

राजेंद्र नगर, इंदूर
९ जुलै २०२५

आदरणीय मावशीस,
सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून पत्र.

एप्रिलमध्ये मी कामाचा फॉर्म घेऊन महूला आले होते. घरखर्चाचे निर्णय कोण, कसे घेतं याचा आमची रिसर्च कंपनी अभ्यास करतेय, असं सांगितलं होतं. नवरा गेल्यावर वर्षभरात काय मोठं घेतलं, हाही प्रश्न होता. तू पाय दाबायच्या मशीनचं सांगितलंस. विकायला आलेल्या माणसाने चांगदेवकाकांचा फोटो बघून नाव विचारलं, फौजेत कुठे होते विचारलं, दोन तास बसला. काका गेल्यावर तेवढं कुणीच बसलं नव्हतं. त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून तू मशीन घेतलंस. पाय तर ठणठणीत आहेत तुझे. सांगताना हसलीस, मग रडलीस. मी सगळं लिहून घेतलं. तुझ्या शब्दावर शेजारच्या आठ बायकांनीही मला दार उघडलं.

काल रिपोर्ट वाचला. घरोघर माल विकणाऱ्या एका कंपनीने तो करवून घेतलाय, हे तेव्हा कळलं. त्यात 'नाही न म्हणणाऱ्या बायका' नावाचं प्रकरण आहे. सल्ला असा, की नवरा नुकताच गेला असेल तर आधी फोटोकडे बघा, त्याचं नाव विचारा, चहाला नकार देऊ नका, किंमत अगदी शेवटी सांगा. मावशी, तुझंच रडणं त्यांनी मुद्दे पाडून लिहिलंय. आमचे यतीनसर म्हणाले की इतकं बढिया फील्डवर्क आजवर झालं नव्हतं. वरून त्यांनी सगळ्यांना कचोरी मागवली. त्या तेलाचा वास अजून नाकातून जात नाही.

नोकरी सोडावी म्हणते. तुझी माया मागायला तोंड नाही, तरी मागते.

तुझी
धम्मदीना


महू
१४ जुलै

चि. धम्मदीनास,
जयभीम व अनेक आशीर्वाद.

राग आला. आधी तुझा, मग माझा. सच सांगू, पैसे गेले त्याचं काही नाही. त्या दुपारचे दोन तास मी जपून ठेवले होते गं. तो मशीनवाला भिया मनापासून बसला होता की कुणी शिकवलं म्हणून बसला होता, हे आता कधीच कळणार नाही. कपात पाल निघावी तसं झालंय. चहा तर पिऊन झाला.

पण नोकरी सोडून तू रडत बसलीस तर ते पान तसंच राहील. सही घेताना तूच वाचून दाखवलं होतंस, की दिलेली उत्तरं केव्हाही परत घेता येतात. मी माझी परत मागते. अर्ज सोबत आहे. काल आठही घरी जाऊन आले. दोघींनी नको म्हटलं, आता काय फरक पडतो म्हणे. सहा जणींनी सह्या केल्या. प्रत्येकीला वाटत होतं, की आपणच एकटी बावळट.

सगळे कागद साहेबाच्या हातात दे. तुझ्या आईला मी सांगते. जेवत जा.

तुझीच, रागावलेली
कांतामावशी


राजेंद्र नगर, इंदूर
२८ जुलै

आदरणीय मावशीस,
सविनय जयभीम.

सातही अर्ज दिले. यतीनसर आधी हसले, मग म्हणाले की रिपोर्टात नावंच नाहीत, परत काय करायचं? मी एप्रिलमध्ये तुमच्या सह्या घेतलेला कागद पुढे ठेवला आणि म्हटलं, की यातलं वचन खोटं असेल तर तसं लिहून द्या. लिहून द्यायला ते तयार नव्हते. नऊपैकी सात घरं गेल्यावर त्या प्रकरणात काही उरेना. शुक्रवारी ते काढलं.

पण मावशी, त्याच दिवशी कळलं की त्या कंपनीने विकणाऱ्या पोरांना पंधरा दिवसांपूर्वीच ते शिकवून टाकलंय. कागदावरून गेलं, त्यांच्या तोंडातून कसं काढू? मला स्वतःचीच किळस येते. शनिवारी राजीनामा दिला. भंवरकुआंच्या एका क्लासमध्ये गणित शिकवायचं काम मिळतंय.

राग संपला असेल तर दोन ओळी लिही. नसला तरी लिही.

धम्मदीना


महू
५ ऑगस्ट

चि. धम्मदीना,
अनेक आशीर्वाद.

राग आहे, पण आता तुझ्यावर नाही. आपण जिंकलो असं मला वाटत नाही, आणि खोटा धीर मी देत नाही.

मागच्या गल्लीतल्या यशोधराचा नवरा परवा गेला. आम्ही सात जणींनी पाळी लावलीय, रोज दुपारी एकीने जाऊन बसायचं. बाकीच्या दोघीही काल आपणहून आल्या. आज मी गेले होते. मी काही विचारलं नाही. ऊन उतरेपर्यंत दोघी भिंतीला टेकून बसलो.

रविवारी ये. पाळीत तुझंही नाव घातलंय.

कांतामावशी