मशीनला टेकलेली माणसं

तीर्थरूप मामांना धाकट्या भाचीचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त मनातल्या मनातच.) गुडघा कसा आहे? फोनवर तुम्ही "बरा आहे" म्हणता आणि लगेच फोन ठेवता, म्हणून मुद्दाम पत्र. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

कंबर धरायचं कारण माझी नोकरी. आमची कंपनी कपडे धुण्याची मशीनं बनवते, आणि नवं मशीन काढण्याआधी आम्हाला लोकांच्या घरी पाठवते. कोपऱ्यात बसायचं, माणसं मशीन कसं वापरतात ते बघायचं, बोलायचं नाही, मदत करायची नाही. थोडक्यात, भिंत व्हायचं. (कोणी? तर मी! जिला मामी 'रेडिओ' म्हणायची.)

या खेपेला वाट्याला आलं एक म्हातारं जोडपं. काकू निवृत्त नर्स, काका पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. मी गेले तर घर लखलखीत आणि धुवायला एक रुमालही शिल्लक नाही. पाहुणी येणार म्हणून काकूंनी सकाळीच सगळं धुऊन वाळत घातलेलं! मी नियमाप्रमाणे गप्प. शेवटी त्यांनाच माझी दया आली. खिडक्यांचे स्वच्छ पडदे काढून त्यांनी मशीनमध्ये कोंबले. "आता समोरच्यांना दिसेल, आपण दिवसभर काहीच करत नाही," काका पुटपुटले.

मशीन पिळायला लागलं आणि चक्क चालायलाच लागलं. थडथडत न्हाणीघराच्या दाराकडे निघालं. दोघं सवयीने उठले, त्याला पाठ लावून शेजारी-शेजारी उभे राहिले आणि त्या गोंगाटात ओरडून बोलू लागले. जाऊबाईंचं ऑपरेशन, करकरणारं दार, कोणाचं तरी मोडलेलं लग्न. दिवसभरात न झालेलं सगळं बोलणं तिथे! तेवढ्यात मशीनने जोरात उसळी घेतली. "पोरी, बघतेस काय? टेक की!" काकू ओरडल्या. नियम गेला खड्ड्यात. मी टेकले. (कंबर तेव्हापासून अशी.)

आणि मामा, टेकल्या टेकल्या मी तुमच्या घरी पोचले. लहानपणीच्या सुट्टीतल्या दुपारी तुम्ही एका बाजूने मशीन धरलंय, मामीने दुसऱ्या बाजूने, आणि मला वजन म्हणून वर बसवलंय. माझ्या बोलण्याचे तुकडे पडताहेत, मामीला हसू आवरत नाही, आणि तुम्ही गंभीर चेहऱ्याने "हसू नकोस, पकड सुटते" म्हणताय. सगळ्यांकडे कपडे असेच धुतात, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं.

निघताना मी ठरलेला प्रश्न विचारला, अजिबात न हलणारं मशीन मिळालं तर आवडेल का? काकूंनी काकांकडे पाहिलं. "नको गं बाई. मग हे पेपर घेऊन बसतील."

अहवालात मी लिहिलं, 'मशीन हलतं, पण तक्रार नाही.' साहेबांनी समोर लाल शाईने लिहिलं, 'मग काय आहे?' ते मला अजून लिहिता आलेलं नाही. पण त्या माणसांच्या घरी न हलणारं मशीन मी काही जाऊ देणार नाही, नोकरी राहो वा न राहो.

गुडघा शेकत जा. जेवण टाळू नका.

तुमची,
धाकटी

ता. क. पुढच्या पाहणीसाठी कंपनीला एकट्या राहणाऱ्या माणसाचं घर हवं होतं. तुम्हाला न विचारता तुमचं नाव दिलंय. नाही म्हणू नका.

आणखी एक ता. क. बघायला मीच येणार आहे. कंपनीच्या कामाला एक सकाळ पुरते. मी मोठी बॅग भरते आहे.