समुद्र रागावली

३ जून, फॅल्मथ, इंग्लंड

पाच आठवडे एका चित्रकाराच्या स्टुडिओत ब्रश धुतोय! मिस्यू केर्दाल — फ्रेंच, वय ब्याऐंशी. साठ वर्षं फक्त समुद्र रंगवतायत. एकही होडी नाही. का? "होडी काढली की लोक होडीच बघतात." सप्टेंबरात गावी, फ्रान्समधल्या ब्रिटनीला, परत जाणार. शेवटचं मोठं चित्र तिथे. बरोबर मदतनीस एकच. तो मी असणार. कोर्स सोडला, बर्मिंगहॅम सोडलं, तीन नोकऱ्या सोडल्या — हे एकच धरून बसलोय.

९ जून

लंडनच्या ईलिंगहून एक मुलगी आलीय. स्वराली. आजी-आजोबा ठाण्याचे, ही इथेच जन्मलेली. सकाळी कॅफेत काम, दुपारी स्टुडिओत.

१२ जून

तीनच दिवसांत तिच्या हातात ब्रश! "लाट तू काढ," म्हातारा तिला म्हणे.

१५ जून

मी आजही पॅलेटच पुसलं.

२१ जून

सकाळपासून जोराचा वारा. स्वराली खिडकीत उभी. म्हणाली, "समुद्र आज रागावली आहे."

मी म्हटलं, "रागावला गं! तो समुद्र."

"तो? मला तर ती दिसते."

काय भांडताय, म्हाताऱ्यानं विचारलं. तिनं सांगितलं. म्हातारा टाळ्याच पिटायला लागला! "आमच्या फ्रेंचमध्ये ती बाईच! चाळीस वर्षं या देशात काढली, आज पहिल्यांदा कुणीतरी बरोबर बोललं!"

दोघं हसत सुटले. ती तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत. माझ्याशी बोलताना एकदा तरी अशी हसलीय? व्याकरण माझं बरोबर, कौतुक तिच्या चुकीचं!

चिडून बाहेर गेलो. पेस्टी घेतली, इथली मोठी खारी करंजी. पहिल्या घासाआधी सीगल पक्ष्यानं पळवली. अख्खी! त्याच्या मागे बंदरापर्यंत धावलो. का, माहीत नाही.

२२ जून

आता म्हातारा तिला "माझी रागावली" म्हणतो. मराठीत! माझी!

३० जून

ठरलं. ब्रिटनीला स्वराली. मला म्हणाला, "तू ब्रश फार छान धुतोस."

तिचं चित्र पाहिलं. लाट चांगली आहे. मरू दे.

२ जुलै

बंदरावर स्वराली भेटली. "मी नाही जात रे. ईलिंगला परत चाललेय. मिस्यूंना तुझं नाव सांगितलं, ते हो म्हणाले. जागा तुझी. खूश?"

मी म्हणून बसलो, "मग मीपण नाही जात."